बदकाचं पान

सौसरला दादाकडे राहिले त्या वर्षातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते माझं कुठेही झोपून जाणं. तांदूळ निवडताना मी झोपायची, पिठाच्या गिरणीत रांगेत उभ्या उभ्या झोपायची, आणि एकदा तर नळाखाली बादली लावून भिंतीला टेकले ती तशीच झोपले नि पाणी पार शेजारच्यांच्या अंगणात गेलं. वीस वर्षांची होते मी. आता साठी ओलांडल्यावर डॉक्टर विचारतात, बाई, झोप कशी आहे. मी बरी आहे म्हणते. खरं तर आता झोपायला दिवसभर वेळ आहे आणि झोप नाही, एवढाच फरक पडला.

आमचं घर पांढुर्ण्याचं, मध्य प्रदेशातलं. बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, सौसरला सरकारी ऑफिसात बाबू होता. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेऊन तो, वहिनी आणि त्यांची साडेपाच वर्षांची मिनू असे राहत. वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मधे एकदा तिचा गर्भ पडला होता, म्हणून नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी यावेळी तिला खाटेवरून उठायचं नाही असं बजावलं होतं. संक्रांत झाली आणि दादा मला न्यायला आला. मला नाही विचारलं त्याने, आईला सांगितलं, ‘सुमीले सात-आठ महिने नेतो.’ मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा बाहेरून फॉर्म भरला होता. पुस्तकांची पिशवी मी बरोबर घेतली आणि सौसरला पोचल्यावर ती फळीवर ठेवली. वर्षभर ती तिथेच होती.

पहाटे स्टँडवर कंडक्टर ‘छिंदवाडा, छिंदवाडा’ ओरडायला लागला की माझा दिवस सुरू व्हायचा. मग जिनिंगचा भोंगा वाजायचा. तोवर चूल पेटून दादाच्या डब्याच्या पोळ्या झालेल्या असाव्या लागत. नंतर वहिनीला मुगाचं पातळ वरण आणि मऊ भात, मिनूची वेणी, भांडी, धुणं, दुपारसाठी भाकरी आणि आंबाडीची भाजी, नाहीतर नुसता झुणका. वहिनी काटोलकडची, बोलायला फार हळू. खाटेवर पडल्या पडल्या लसूण सोलून द्यायची, शेंगा फोडून द्यायची, आणि दिवसातून दोनदा तरी म्हणायची, ‘माह्यामुळं तुमचे हाल होऊन राहिले, सुमनबाई.’ पहिल्या महिन्यात मी ‘नाही हो वहिनी’ म्हणायची. नंतर नंतर काही बोलायचीच नाही.

त्याच सुमारास गावात इंग्रजी शाळा निघाली होती. एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं, त्यात मधे मधे प्लायवूड ठोकून वर्ग केलेले. प्रिन्सिपल मॅडम जबलपूरकडच्या. दादाला त्या शाळेचं वेड लागलं. मला तेव्हा त्याचा राग यायचा, पण आता कळतं. ऑफिसात इंग्रजी चिठ्ठी आली की तो ती घडी करून खिशात ठेवायचा आणि संध्याकाळी सायकल काढून एका रिटायर मास्तरांकडे जाऊन तिचा अर्थ विचारून यायचा. घरी म्हणायचा, ‘फिरून आलो जरा.’ तर हा दादा मॅडमना भेटून आला. त्यांनी एक चोवीस पानांचं रंगीत पुस्तक दिलं होतं. म्हणाल्या, ‘बच्ची ये किताब पढ़ के सुना दे, तो सीधे पहली में ले लेंगे.’ आणि घरात तिला कोण शिकवणार असं विचारल्यावर दादाने माझं नाव सांगितलं, तेव्हा त्या असंही म्हणाल्या की जी शिकवेल तिलाही घेऊन या, छोट्या मुलांसाठी एक मुलगी हवीच आहे.

‘सुमे, तुह्यंबी काम होऊन जाईन,’ दादा म्हणाला. त्याने पुस्तक माझ्या हातात असं दिलं, की जणू प्रसादच.

मला ते काम हवं होतं. घरी बोरगावच्या एका स्थळाचं बोलणं चालू होतं, मला न विचारताच. पण तेवढंच नव्हतं. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, हातात हजेरीचं रजिस्टर घेऊन, चुलीपासून पाच तास लांब कुठेतरी जायचं, हे मला इतकं हवंसं वाटायचं की भाकरी थापताना मी मनात पोरांची हजेरी घ्यायची.

आता माझं इंग्रजी. आमच्याकडे पोरगं घरात मराठी बोलतं, शाळेत हिंदी लिहितं, आणि सहावीत इंग्रजी आली की पाठ करतं. मी गाईवरचा निबंध पाठ केला, पोस्टमनवरचा केला, आजारपणाच्या सुट्टीचा अर्ज पाठ केला, आणि बारावी निघाले. अर्जात आजाराचं नाव बदलायचं असतं हेही मला कोणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक परीक्षेत तापानेच आजारी पडायची. मिनूलाही मी तसंच शिकवायला बसले, कारण मला दुसरं काही ठाऊक नव्हतं. दुपारी जेवणं झाली की वहिनीच्या खाटेशी चटई टाकायची, बोट ठेवून मी एक ओळ म्हणायची, मग मिनू म्हणायची. ‘सी-ए-टी कॅट.’ ‘सी-ए-टी कॅट.’

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, ‘आत्या, सी तर सी आहे ना? मंग सॅट काहून नाही म्हणत?’

‘असंच असते ते.’

‘अन् हे ओ-एन-ई? हे तर ओने होते.’

‘मिनू, चूप. वन म्हण.’

‘वन,’ ती म्हणाली. त्यानंतर तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, पोरगी समजूतदार आहे. चाळीस वर्षं प्राथमिकला शिकवून मी रिटायर झाले. विचारणारं पोर विचारायचं थांबलं की काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हा कळतच नव्हतं. कळलं असतं तरी मी थांबले असते का, ते सांगता येत नाही; बारा वाजता मला जेव्हा बसायला मिळायचं तेव्हा डोळे आपोआप मिटत. मिनू म्हणत राहायची, मी हूं हूं करत राहायची.

उन्हाळा लागला. गच्चीवर कुरड्या घातल्या, त्या राखायला मिनूला काठी देऊन बसवलं की ती कावळ्यांना इंग्रजी ऐकवायची. जूनपर्यंत ती अख्खं पुस्तक धडाधड म्हणू लागली. दादा ऑफिसातून आला की तिला समोर बसवायचा, ती पानं उलटत जायची आणि आवाज चढवून म्हणायची, दादा चहा थंड होईस्तोवर ऐकायचा. शेजारच्यांना बोलवायचा. एका संध्याकाळी त्याने मला स्वतः चहा करून दिला. तो आमच्या घरात कोणा पुरुषाने केलेला मी पाहिलेला पहिला चहा.

मॅडमकडे जायला चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी आमरस झाला होता आणि मिनूने चिकट हातानेच पुस्तक घेतलं होतं. ती नेहमीसारखी म्हणत होती, मी भिंतीला टेकून पेंगत होते. तेवढ्यात वहिनी कुशीवर वळली आणि म्हणाली, ‘सुमनबाई, पाहा बरं जरा. तिथे तर मोटार आहे, अन् हे बदक म्हणून राहिली.’

मी उठून पाहिलं. रसाने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. बदकाचं पान आत गेलं होतं, समोर मोठी लाल बस होती, आणि मिनू त्या बसवर बोट फिरवत, एकही अक्षर न अडखळता, ‘क्वॅक क्वॅक सेज द डक’ म्हणत होती.

मी पाटी घेतली. पाटीवर पुस्तकातलाच एक शब्द काढला, डक. फक्त तेवढाच. म्हटलं, ‘हे वाच.’

मिनूने पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसली. ‘सांग ना आत्या, कोणतं पान आहे हे?’

मी कॅट लिहिलं, बस लिहिलं, नुसतं बी लिहिलं. तिला काही येत नव्हतं. पाच महिने रोज दुपारी माझ्या बोटाखालून गेलेल्या त्या अक्षरांपैकी एकही तिला ओळखू येत नव्हतं. मी तिला एक चापट मारली. जोरात नव्हती, पण आजवर मारली नव्हती मी तिला. ती रडली नाही, नुसती चटईच्या काड्या ओढत बसली.

‘यांना सांगून द्या,’ वहिनी म्हणाली. ‘पुढच्या साली जाईन शाळेत. काय बिघडते?’

‘सांगते,’ मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, चार दिवसांत शिकवते. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दादाने माझ्यासाठी साडी इस्त्री करून आणली. वहिनी माझ्याकडे पाहायची, मी दुसरीकडे पाहायची. तीही त्याला काही बोलली नाही. माझ्या हातचं खाऊन पडलेली बाई, ती काय बोलणार होती?

मॅडमच्या खोलीत मी मिनूच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. दादा दाराशी उभा. मॅडमनी पुस्तक पहिल्यापासून उघडलं नाही, मधूनच उघडलं. मिनू गप्प झाली. मग मी तिला पान दाखवते असं दाखवत चित्रावर बोट ठेवलं आणि ओठांतल्या ओठांत पहिला शब्द सांगितला. तिने तो उचलला आणि पुढचं सगळं म्हटलं. मॅडमनी दुसरं पान काढलं. पुन्हा मी पहिला शब्द सांगितला. असं चार वेळा झालं. मॅडमचं लक्ष बाहेर कोणाशी तरी बोलण्यात होतं, त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, ‘शाबाश. एक तारीख से दोनों आ जाओ.’ दादाने घरी जाताना पेढे घेतले. मी एक खाल्ला. गोड होता, दुसरं काय सांगू.

जुलैपासून मी छोट्यांच्या वर्गावर जाऊ लागले आणि मिनू प्लायवूडच्या पलीकडे पहिलीत. पलीकडच्या बाई रेखा म्हणून होत्या, माझ्याच वयाच्या, रोज गावाबाहेरून सायकलवर यायच्या. फळीतून सगळं ऐकू यायचं. ‘मीनाक्षी, खड़ी हो जाओ. पढ़ो.’ मग शांतता. पुन्हा, ‘पढ़ो ना बेटा.’ पुन्हा शांतता. मी इकडे तीस पोरांकडून ए फॉर ॲपल म्हणून घेत असायची, आणि ती शांतता सुरू झाली की आवाज वाढवायची. घरी पुन्हा चूल. आई पांढुर्ण्याहून येऊन राहायची, पण पोळ्याला घरी गेली आणि नेमकं दुसऱ्या दिवशी, करीला, वहिनीला कळा सुरू झाल्या. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेकीची जत्रा, रस्ते बंद, आईला निघता आलं नाही. दवाखान्यात मीच होते. मुलगा झाला, वहिनी सुखरूप. त्यानंतरचा महिना मला आठवतच नाही, नुसते ओले लंगोट आठवतात, आणि प्लायवूडपलीकडची ती शांतता.

दिवाळीआधी सहामाही परीक्षा झाली आणि मिनूचं प्रगतिपत्रक आलं. इंग्रजीत भोपळा होता आणि खाली शेरा होता की मुलीला अक्षरओळख नाही. दादा जेवायला बसला होता. त्याने तो कागद ताटाशेजारी ठेवला.

‘घरी तर अख्खी किताब वाचत होती,’ तो म्हणाला. ‘शाळेनंच बिघडवलं. हे रेखाबाई काय शिकवून राहिली? उद्या जातो मी मॅडमकडे. असली बाई ठेवाचीच काहून?’ मग त्याने मिनूला हाक मारली. ‘इकडे ये. घरी वाचत होती का नाही तू?’

मिनू उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

‘बोल ना! येत होतं का नाही? तिथे नाटक करून राहिली का?’ दादाचा हात वर गेला. मिनूने डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही.

‘दादा,’ मी म्हटलं, ‘तिले कधीच येत नव्हतं.’

तव्यावरची पोळी जळायला लागली होती, ती मी काढली नाही. सगळं सांगितलं. रसाने चिकटलेली पानं, पाटी, पहिला शब्द, सगळं. ‘रेखाबाईचा काही दोष नाही. मी शिकवलंच नाही, पाठ करून घेतलं. मले मालूम होतं अन् मी तशीच घेऊन गेली.’

दादाने तो कागद घडी करून खिशात ठेवला. ‘मी लोकाइले बोलावून बोलावून ऐकवलं, सुमे,’ तो म्हणाला. त्याने अर्ध्या जेवणातून ताटातच हात धुतला. उठताना म्हणाला, ‘मॅडमले तूच सांग. मी नाही येत.’

मी सांगितलं.  मॅडमनी मिनूला छोट्यांच्या वर्गात बसवलं आणि मला दिवाळीनंतर येऊ नको म्हणाल्या. रेखाबाईंना कळलं तेव्हा त्या सायकलला कुलूप लावत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा कुलूप लावत राहिल्या. ते पाहणं मला दादाच्या न बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दादा माझ्याशी होळीपर्यंत कामापुरतं बोलला.

दिवाळीनंतर मी मिनूला पहिल्यापासून शिकवायला बसले. ते पुस्तक बाजूला ठेवलं. पाटीवर एक अक्षर आणि त्याखाली मराठीत त्याचा आवाज, एवढंच. सी कधी क होतो, कधी स होतो. काहून? ‘मले माहीत नाही, मिनू,’ हे वाक्य मी त्या हिवाळ्यात इतक्यांदा म्हटलं की मला त्याची लाज वाटेनाशी झाली. वहिनी बाळाला पाजता पाजता आमच्याबरोबर अक्षरं म्हणायची आणि मिनूच्या आधी शिकायची. मिनूचं मात्र फार हळू चाललं होतं. दहा अक्षरं यायची, बाराव्याला पहिली सहा जायची. मी रागवायची नाही, पण ते काही शहाणपण नव्हतं. रागवायला लागतो तेवढा जोरच अंगात उरला नव्हता. आता आमच्या गल्लीतली चार वर्षांची पोट्टी मोबाइलवर अक्षरांचे आवाज ऐकत बसते आणि तिची आई शेजारी झोपलेली असते. मी त्या आईला नावं ठेवत नाही.

माघातली एक सकाळ होती. मी चहा करत होते आणि मिनू चुलीशी हात शेकत बसली होती. चहापत्तीचा नवा पुडा फोडून मी खाली ठेवला होता. ती त्याच्यावर बोट ठेवून ओठ हलवत होती. थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा सुरू केलं. मग म्हणाली, ‘ट... ए... आ. आत्या, टेआ लिहिलं आहे. टेआ मंजे काय?’

ते चूक होतं. साफ चूक होतं, आणि मी तिला ते कधी शिकवलं नव्हतं, कोणत्या पानावर ते नव्हतं. तिने ते स्वतः वाचलं होतं. मी खाली बसले. वहिनी आतून विचारत होती, काय झालं, काय झालं. चहा उतू गेला. त्या रात्री मी झोपले ती सकाळी भोंग्यालाही उठले नाही, आणि दादाने कोणाला मला उठवू दिलं नाही.

मी पुढे पांढुर्ण्याला परतले, बी.ए. सोडलं, शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं. बोरगावचं स्थळ तोवर दुसरीकडे जमलं होतं. तिगाव आणि आजूबाजूच्या शाळांमध्ये माझी नोकरी झाली. मिनू एक वर्ष मागे राहिली, नंतर नाही राहिली. आज ती नागपूरला बँकेत आहे.

मागच्या वर्षी ती चार दिवस राहायला आली होती. अंगणात बसून आम्ही संत्री सोलत होतो, आणि इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मी तिला विचारलं. म्हटलं, ‘मिनू, तुले मॅडमच्या खोलीतलं आठवते का गं?’

‘आठवते ना.’

‘मंग दादा हात उगारून विचारत होता तेव्हा काहून नाही सांगितलं, की आत्यानं मले पाठ करून दिलं म्हणून?’

ती हसली. फोडीच्या शिरा काढत काढत म्हणाली, ‘कशी सांगू, आत्या? तू चित्रावर बोट ठेवून दर पानाचा पहिलाच शब्द सांगे. मले वाटे, तुलेबी वाचता येत नाही, माह्यासारखंच पाठ आहे. मी बोलली असती तर तुह्यी शाळा गेली असती ना.’